खाऱ्या वाऱ्यातली शेगडी

काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने क्रीट या ग्रीक बेटावर जाण्याचा योग आला. हान्या शहराजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका घरात माझा मुक्काम होता. भूमध्य समुद्राकाठच्या बहुतेक घरांप्रमाणे तिथेही उन्हाळ्यातला संध्याकाळचा स्वयंपाक गच्चीवर होत असे. गच्चीच्या कोपऱ्यात, छपराखाली, जाड खोळ घातलेली गॅसची मोठी शेगडी होती. यजमानांनी खोळ काढली, तेव्हा झाकणावर चहाचे ओघळ सुकावेत तसे तपकिरी डाग दिसले. प्रत्येक स्क्रूभोवती नारिंगी कडे होते.

“दोनच वर्षांपूर्वी घेतली,” ते म्हणाले. “स्टेनलेस म्हणून जास्त पैसे मोजले. इथे उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो. शिवाय मी ती छपराखाली, खोळीत ठेवतो. गच्चीचा कठडाही स्टेनलेसचाच आहे. तो बारा महिने उघड्यावर असतो, पण त्याच्यावर डाग कमी! तुम्ही धातूंच्या गंजण्यावर काम करता ना? मग सांगा, असे का?”

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. शेगडी निवडायची तर नुसती शेगडी पाहून भागत नाही, ती जिथे राहणार तिथली हवा आधी पाहावी लागते.

समुद्र गच्चीवर कसा येतो?

भूमध्य समुद्र चहूबाजूंनी जवळजवळ बंद आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, जिची रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे १४ किलोमीटर आहे, तो अटलांटिक महासागराला जोडला गेला आहे. पावसाने आणि नद्यांनी जेवढे पाणी त्यात येते, त्याहून जास्त पाण्याची वाफ होऊन जाते. त्यामुळे महासागरांच्या पाण्यात दर किलोग्रॅममागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याच भागात ३८ ते ३९ ग्रॅम.

लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटले की अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा वारा हे तुषार गच्चीवर आणून टाकतो. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

हे क्षार म्हणजे केवळ सोडियम क्लोराइड नव्हे. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. आपल्याकडे पावसाळ्यात खडेमीठ पाझरते, त्यात त्याचा मोठा हात असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतली वाफ ओढून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे पाऊस नसला, दवही पडले नाही, तरी धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो.

आता यजमानांच्या कोड्याचा अर्धा उलगडा होतो. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस सगळे धुऊन काढतो. भूमध्य समुद्राकाठी पाऊस मुख्यत: हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे साठत गेलेले क्षार महिनोन् महिने तसेच राहतात. उघड्यावरचा कठडा निदान हिवाळ्यात धुतला जातो. छपराखालची शेगडी कधीच धुतली जात नाही. खोळीमुळे तर आतला ओलावा बाहेरही पडत नाही. ज्यांना आपण संरक्षण समजत होतो, त्या छपराने आणि खोळीने नुकसानच केले होते.

निष्कलंक म्हणवणारे पोलाद

उरलेला अर्धा उलगडा धातूच्या आत आहे. पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर एक पापुद्रा तयार करते. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो (दहा लाख नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर). त्यावर ओरखडा उठला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा सांधला जातो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते या स्वत:च भरून येणाऱ्या कातडीमुळे.

क्लोराइडचे आयन मात्र हा पापुद्रा एखाद्या कमकुवत जागी फोडतात. तिथे सुईच्या टोकाएवढा खळगा पडतो. खळग्यात लोह विरघळू लागते आणि त्याच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होते. विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी बाहेरचे आणखी क्लोराइड आत ओढले जाते. आम्ल वाढले की लोह अधिक वेगाने विरघळते, आणि खोल खळग्यात ऑक्सिजन पोचत नसल्याने पापुद्रा सांधला जात नाही. खळगा असा स्वत:च स्वत:ला वाढवत जातो. स्क्रूच्या डोक्याखालच्या फटीत ही परिस्थिती आयतीच असते. नारिंगी कडी स्क्रूंभोवतीच का होती, ते यावरून कळेल.

यावर उपाय मिश्रधातूतच आहे. ‘३०४’ या क्रमांकाच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ‘३१६’ मध्ये यांच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे क्लोराइडचा मारा ते अधिक सहन करते. ‘४३०’ मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के असले तरी निकेल जवळजवळ नसते. ते स्वस्त आणि घरात वापरायला ठीक, पण समुद्राकाठी लवकर डागाळते.

पुष्कळ लोक चुंबक लावून पोलादाची परीक्षा करतात. ‘४३०’ ला चुंबक चिकटते; ‘३०४’ आणि ‘३१६’ या दोहोंना साधारणपणे चिकटत नाही. म्हणजे ज्या दोहोंतला फरक समुद्राकाठी महत्त्वाचा, तोच चुंबकाला कळत नाही! शिवाय निकेल कमी करून मँगनीज घातलेली काही स्वस्त पोलादेही चुंबकाला दाद देत नाहीत, आणि खाऱ्या हवेत ती ‘३०४’ पेक्षाही आधी हार खातात. म्हणून क्रमांक विचारणे हाच खरा मार्ग. स्क्रू आणि बिजागऱ्यांचाही विचारावा.

‘३१६’ म्हणजे अभेद्य कवच, असे मात्र नाही. पृष्ठभाग खरखरीत असेल तर क्षार अडकून तेही डागाळते. विस्तवाजवळ तापून पोलादावर पिवळी-निळी झाक येते, तिथे पापुद्र्याखालचे क्रोमियम कमी झालेले असते आणि ती जागा लवकर गंजते. म्हणून अगदी ज्वालेजवळचे भाग सुटे आणि बदलता येण्याजोगे असावेत. शेगडी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसावी. एवढ्याने जे साधते ते महागड्या खोळीने साधत नाही.

माती, बीड आणि इतर

शेगडी पोलादाचीच हवी असे थोडेच आहे? क्रीटच्या उत्तरेला सांतोरिनी बेटावर अक्रोतिरी नावाचे नगर सुमारे ३६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या उत्खननात भाजलेल्या मातीचे जोडआधार मिळाले आहेत. वर मांसाच्या सळ्या टेकवायला खाचा, टोकांना प्राण्यांची मुंडकी आणि बुडाशी ओळीने भोके. ही भोके निखाऱ्यांना हवा मिळावी म्हणून असावीत असे मानतात. माती गंजत नाही. उष्णतेची वाहक म्हणून ती वाईट, म्हणूनच निखाऱ्यांची धग धरून ठेवण्यात चांगली. तिचे वैगुण्य एकच: एकदम तापवली किंवा गार केली तर तडकते. आजही भूमध्य समुद्राकाठच्या अंगणांत विटांच्या चुली दिसतात. जागा आणि वजन पेलणारी जमीन असेल तर खाऱ्या हवेला याहून सरस उत्तर नाही.

बिडाची जाळी गंजते, पण जाड असल्याने पुष्कळ वर्षे टिकते. तिच्यावर तेलाचा हात फिरवून तापवले की तेलाचे कण एकमेकांना जोडले जाऊन काळा टणक थर बसतो. लोखंडी तव्याच्या बाबतीत आपण हेच करतो. एनॅमल म्हणजे पोलादावर चढवलेली काच. अखंड आहे तोवर उत्तम, टवका उडाला की तिथून गंज शिरतो. ॲल्युमिनियमचे झाकण लाल गंजत नाही, पण त्याला पोलादी स्क्रू बसवले की खाऱ्या ओलाव्यात दोघांचा मिळून एक विद्युतघट तयार होतो. त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते.

कोळसा, गॅस की वीज?

निखाऱ्यांची उष्णता पदार्थाला मुख्यत: प्रारणाने मिळते, आणि प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. निखारे ५०० अंश सेल्सियसवरून ७०० वर गेले (म्हणजे ७७३ केल्विनवरून ९७३ वर) तर प्रारण सुमारे अडीच पट होते. पंख्याने वारा घातल्याबरोबर वांगे का करपते, ते यावरून कळते. समुद्रावरचा वारा हेच काम न विचारता करतो. म्हणून कोळशाच्या शेगडीला झाकण आणि हवेची झडप हवी. गॅसची ज्योत त्याच वाऱ्याने विझू शकते. तिच्यासाठी आडोसा हवा, आणि ज्योत विझताच गॅस बंद करणारी योजनाही.

विजेची शेगडी सदनिकेच्या सज्ज्यात सोयीची. मात्र २२०० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर साडेनऊ अँपिअर प्रवाह घेते. इटलीत घरगुती वीजजोडणी साधारणपणे ३ किलोवॉटची असते. तिथे शेगडी चालू असताना कोणी कपडे धुण्याचे यंत्र सुरू केले, तर घरभर अंधार होण्याची शक्यता असते. शिवाय खारा ओलावा वीजवाहक असल्याने, प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा खटका आणि झाकणाचा प्लग यांत काटकसर करू नये.

जिवाशी खेळ कुठे होतो

इथवरच्या चुकांची किंमत पैशांत होती. पुढच्या दोन चुकांची तशी नाही.

पहिली बंदिस्तपणाची. हवेचा सरासरी रेणुभार २९, प्रोपेनचा ४४, ब्युटेनचा ५८. म्हणजे गळालेला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली साठतो. भरीव कठड्याची गच्ची ही अशा वेळी एक उघडी टाकीच ठरते. सिलिंडर ठेवण्याच्या जागी जमिनीलगत भोके हवीत. कोळशाचे संकट निराळे. ज्वलनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशाच्या थरातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हिवाळ्यात काचा लावून बंद केलेल्या गच्चीत कोळशाची शेगडी पेटवणे, किंवा उरलेले निखारे ऊब म्हणून घरात नेणे जिवावर बेतू शकते. राख चढलेले, विझल्यासारखे दिसणारे निखारेही हा वायू सोडत असतात.

दुसरी चूक ठिणगीची. जो कोरडा उन्हाळा शेगडीवरचे क्षार धुऊ देत नाही, तोच भोवतालचे पाइन आणि झुडपे वाळवतो. त्यात एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. अथेन्सजवळ माती या किनारी वस्तीत २३ जुलै २०१८ रोजी वणवा शिरला आणि शंभराहून अधिक माणसे मेली. एका घराच्या आवारात पेटवलेल्या लाकूडफाट्यापासून तो सुरू झाल्याचे तपासात पुढे आले. ग्रीसमध्ये १ मे ते ३१ ऑक्टोबर हा वणव्यांचा काळ मानून उघड्यावर विस्तव पेटवण्यावर निर्बंध असतात. ज्या घरामागे पाइनचे रान आहे, तिथे उन्हाळ्यासाठी कोळशाची शेगडी घेऊच नये, मग ती कितीही टिकाऊ असो.

यजमानांना मी एवढेच सुचवले: खोळ काढा, शेगडी गोड्या पाण्याने धुऊन पुसा, स्क्रू ‘३१६’ चे बसवा आणि सिलिंडरजवळचे कठड्याचे खालचे भोक बुजवले आहे ते उघडा. डागांची त्यांना काळजी होती. मला त्या भोकाची अधिक वाटली.

वर्गात करून पाहा

लोखंडाचे सारखे, नवे चार खिळे घ्या. चौघांवर मिठाचे पाणी शिंपडून वाळू द्या. पहिला उघड्यावर ठेवा. दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाशेजारी, त्याला न टेकवता ठेवा. तिसरा रोज गोड्या पाण्याने धुऊन, पुसून ठेवा. चौथ्यावर तेलाचा हात फिरवा. रोज पाणी एकदा, एकाच वेळी, चौघांवर शिंपडायचे. कोणता आधी गंजेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच लिहायला सांगा आणि आठवड्याने पडताळा. मग घरच्या स्टीलच्या भांड्यांना चुंबक लावून नोंदी करायला सांगा, आणि एक प्रश्न विचारा: चुंबक चिकटले नाही, एवढ्यावरून ते भांडे समुद्राकाठी टिकेल असे म्हणता येईल का? कोकणातल्या शाळांना हे उत्तर शोधायला भूमध्य समुद्रापर्यंत जायला नको. शाळेच्या खिडकीच्या कड्या-कोयंड्यांपासून सुरुवात करता येईल.