पलंगाखाली मावणारं स्टेशन

आज आम्ही चौघी आमच्या एका छंदाविषयी बोलणार आहोत. विणकाम नाही, भरतकाम नाही, बागकामही नाही. आम्ही रेल्वे बांधतो. खरीच रेल्वे म्हणा ना, फक्त ८७ पट लहान! रूळ आहेत, सांधे आहेत, फलाट आहे, खडी आहे, लिंबाचं झाड आहे. आणि खेळून झालं की सगळं स्टेशन पलंगाखाली सरकवता येतं.

‘अहो, हे मुलांचं खेळणं. तुम्हाला काय करायचंय?’ हा प्रश्न आम्हाला घरातून आला, शेजारून आला, हार्डवेअरच्या दुकानातूनही आला. त्याचं उत्तर आम्हाला एका जुन्या गोष्टीत सापडलं. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी १८५९ साली मेर्कलिन नावाच्या गृहस्थांनी पत्र्याची खेळणी करायला सुरुवात केली. कसली खेळणी? बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे आपली भातुकलीच की! त्यांची बायको कॅरोलिन गावोगाव फिरून हा माल विकायची. १८६६ साली नवरा वारला, तरी तिनं धंदा मोडू दिला नाही. तो पुढे मुलांच्या हाती गेला, आणि १८९१ साली याच मेर्कलिन कंपनीनं लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. तिचे रूळ ठराविक मापाचे होते. आज थोडे घ्या, पुढच्या वर्षी त्यांनाच आणखी जोडा. आज जगभर लोक घरात रेल्वे बांधतात त्यामागे ही मापाची शिस्त आहे, आणि त्या मापामागे भातुकली विकणारी एक बाई उभी आहे. तेव्हा कुणी विचारलंच, तर एवढं सांगा.

आता आमची चूक आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आम्ही पहिल्यांदा अख्खी आठ फूट बाय चार फूट प्लायवूडची फळी आणली. गोल फिरणारी गाडी, डोंगर, बोगदा, पूल, सगळंच करायचं ठरवलं. फळी हॉलमध्ये मावेना. भिंतीला टेकवून ठेवली, तर येणारे-जाणारे अडखळायला लागले. पावसाळ्यात ती ओल धरून वाकली, तिच्यावरचे रूळ उचकटले, आणि पाच महिन्यांनी आम्ही ती गपचूप भंगारात दिली. तेव्हा पहिला धडा हा, की अर्धवट राहिलेल्या मोठ्या रेल्वेपेक्षा पुरं झालेलं छोटं स्टेशन केव्हाही बरं. आपल्या घरात आपल्या हक्काची जागा किती, ती आधी मोजा, आणि मगच रेल्वे ठरवा. आमच्या वाट्याला पलंगाखालची चार फूट लांब, दीड फूट रुंद जागा आली. ती पुरते.

दुसरा धडा म्हणजे, कुठली तरी गाडी नको, एक ठिकाण निवडा. आम्हा चौघींचं माहेर कुर्डुवाडी-बार्शीच्या पट्ट्यातलं. तिथं पूर्वी बार्शी लाइट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरनं बांधलेली ही छोट्या रुळांची लाइन १८९७ साली सुरू झाली. पुढे ती एका बाजूला लातूरला आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून मिरजेला पोहोचली. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ती टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. गाड्या आजही धावतात, वेगानं धावतात. पण ज्या छोट्या गाडीनं आमच्या आया-आत्या सासरी गेल्या आणि माहेरी आल्या, ती आता नाही. मग ठरवलं, त्या लाइनीवरचं एखादं लहानसं स्टेशन करायचं, कोळशाच्या इंजिनाच्या काळातलं.

आता थोडं गणित, पण घाबरू नका. ब्लाउज बेतताना आपण यापेक्षा अवघड हिशेब करतो. दोन शब्द लक्षात ठेवा. पहिला प्रमाण, म्हणजे खरी वस्तू किती पट लहान करायची. दुसरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. जगात सर्वांत जास्त चालतं ते ‘एचओ’ प्रमाण, म्हणजे १ : ८७. या प्रमाणात सव्वापाच फुटांची बाई दोन सेंटीमीटरहूनही थोडी कमी भरते. दोन मीटरचं दार २.३ सेंटीमीटरचं होतं. बारा मीटर उंच लिंब सुमारे १४ सेंटीमीटरचा होतो, म्हणजे पलंगाखाली बसतो. पण एक किलोमीटरचा रस्ता करायचा तर साडेअकरा मीटर लागतात! म्हणून सगळं काही मोजून-मापून करता येत नाही. इमारती आणि माणसं मापात ठेवायची, अंतरं मात्र आखडून घ्यायची.

बार्शी लाइटचे रूळ ७६२ मिलिमीटर अंतरावर होते. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात ‘एन’ गेजचे रूळ मिळतात, ते नऊ मिलिमीटरचे. झालं की काम! रूळ एनचे आणि बाकी सगळं एचओच्या मापात. छोट्या रुळांची रेल्वे करणारे लोक असाच मेळ घालतात. दुकानातून काही आणण्याआधी कागदावर खऱ्या मापाचा नकाशा काढा आणि तो जमिनीवर पसरून बघा. आम्ही जुन्या वर्तमानपत्रांवर काढला होता.

आमचा नकाशा साधा आहे. एक मुख्य लाइन, तिला समांतर दुसरी, आणि मालाच्या डब्यासाठी एक आखूड फाटा. त्यासाठी तीन सांधे लागले. गाडी स्टेशनात येते, इंजिन सुटतं, शेजारच्या लाइनीवरून फिरून दुसऱ्या टोकाला लागतं. यालाच शंटिंग म्हणतात, आणि खरी मजा त्यातच आहे. गोल फिरणारी गाडी दहा मिनिटं बघितली की पुरे होते. मग स्टेशनातून सुटलेली गाडी जाते कुठे? फळीच्या टोकाला आम्ही दोन फुटांची एक सुटी पट्टी जोडतो, मधे पुठ्ठ्याची भिंत. नाटकात पात्र विंगेत जातं ना, तशी गाडी तिथं जाऊन थांबते.

फळीसाठी ओल सोसणारं प्लायवूड घ्या, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट ठोका, आणि वरून, खालून, कडांनाही प्रायमर लावा. आम्ही पहिल्या खेपेस हेच केलं नव्हतं.

विजेची गोष्ट सोपी आहे. नेहमीच्या साध्या पद्धतीत दोन्ही रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह जातो, एका रुळातून अधिक, दुसऱ्यातून उणे. चाकांवाटे तो इंजिनातल्या मोटरीला मिळतो. बटण जास्त फिरवलं की व्होल्ट वाढतात आणि वेगही वाढतो. अधिक-उणे उलटं केलं की गाडी मागे जाते. घरातल्या २३० व्होल्टचं काम मात्र घरी करू नका. तयार, बंद डब्यातला कंट्रोलर आणा आणि तो उघडू नका. गाडी अडखळायला लागली तर मोटरीला दोष देण्याआधी रूळ पुसा. दहातल्या नऊ वेळा मळच असतो. वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसायचं, आणि नीट वाळल्यावरच गाडी सोडायची. गॅसजवळ किंवा दिव्याजवळ हे काम नको.

यापुढचं काम तुम्हाला शिकवायला नको. दिवाळीत किल्ला कुणी केला नाही? गोणपाट, माती, वर पेरलेले हळीव, तोच हात इथं लागतो. माती माहेरचीच आणली. ती बारीक चाळणीनं चाळली, जुन्या कढईत भाजली, म्हणजे किडे राहत नाहीत. मग कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं. मातीत लोखंडाचे कण असतात. ते इंजिनातल्या चुंबकाला चिकटले तर मोटर खराब होते. रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू. ती ब्रशनं सारखी करायची, वर पाण्याचा हलका फवारा मारायचा, आणि फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी नि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडायचं. साबणामुळे ते वाळूत झिरपतं. सांध्यांच्या हलत्या भागाजवळ मात्र जपून. तिथं गोंद गेला की सांधा कायमचा बसला!

झाडांसाठी वायरीतल्या तांब्याच्या तारा पिळल्या, त्यांवर भांडी घासायच्या स्पंजचे हिरवे कण चिकटवले. वाळलेल्या तुळशीच्या काड्यांची छान बाभळ होते. स्टेशनची इमारत लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची आहे. इतक्या पत्रिका घरात येतात, टाकवत तर नाहीत.

सर्वांत महाग असतं ते इंजिन. म्हणून आधी एकच घ्या. आमच्या लाइनीचं इंजिन तयार मिळालं नाही, तेव्हा एन गेजचं लहान इंजिन घेतलं, त्याचं वरचं कवच काढलं आणि जुन्या फोटोंवरून कार्डाचं नवं कवच बसवलं. आम्ही दर महिन्याला चौघींत मिळून थोडे पैसे बाजूला काढतो आणि वहीत लिहितो. घरखर्चातून चोरून नाही, सांगून. त्यामुळे बोलणी थांबली. सगळ्या कामाला दीड वर्ष लागलं, दर शनिवारी दुपारी दोन तास.

काम करण्याआधी मोठी कामं बघायची असतील, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झालं. मुलांना घेऊन जा, पण स्वतःसाठीही जा.

एक गोष्ट सांगून थांबतो. पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला होती, यावर आमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांत चांगलंच भांडण झालं होतं. प्रत्येकाचं स्टेशन वेगळं! शेवटी तयार झालेली फळी आमच्यापैकी एकीच्या आत्याला दाखवली. त्या १९६८ साली लग्न होऊन त्याच गाडीनं गेल्या होत्या. त्यांनी इंजिनाकडे पाहिलं नाही, टाकीकडेही नाही. चष्मा सारखा करून बराच वेळ फलाटच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बाकडं कुठाय गं?’

बाकडं आम्ही केलंच नव्हतं. कुणाला सुचलंच नाही. ‘लिंबाखाली होतं,’ आत्या म्हणाल्या. ‘आई तिथं बसली होती. गाडी हलली तरी उठली नाही.’

त्याच दुपारी काडेपेटीच्या काड्यांचं दोन सेंटीमीटरचं बाकडं केलं आणि लिंबाखाली चिकटवलं. आता त्याच्यावर एक बाई बसलेली आहे, हिरव्या लुगड्यातली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखाद्या जुन्या स्टेशनची आठवण असलेलं माणूस असेल. आधी त्याच्याजवळ वही घेऊन बसा. टाकी कुठं होती, झाड कुठलं होतं, बाकडं कुठं होतं, लिहून घ्या. रूळ नंतरही मिळतील. आणि हो, फळीवर झाकण पुठ्ठ्याचं करा, साडीचं नको. कापडाचे तंतू चाकांत गुंततात. नमस्कार!