भोंग्यामागचं करिअर

निवडणूक लागली की खामगाव असो, मेहकर असो की देऊळगाव राजा, गल्लीत भोंगा लावलेली गाडी शिरतेच. मोठी माणसं वैतागून दार लावून घेतात. पण एखादं पोरगं गाडीमागे धावतं, पत्रकं गोळा करतं, घोषणा पाठ करतं आणि संध्याकाळी ओट्यावर उभं राहून हुबेहूब भाषण ठोकतं. ते पोरगं तुम्ही होतात का? मग ‘हा नाद सोड, अभ्यास कर’ हेही ऐकलं असेलच.

हा नाद कुठवर नेतो, ते अण्णाभाऊ साठेंकडे पाहून कळतं. जन्म १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा जवळजवळ नाहीच. पोरवयात घरच्यांबरोबर मुंबईला आले आणि तिथल्या कामगारांच्या सभा-मिरवणुकांनी त्यांना ओढून घेतलं. तमाशाचं वेड होतंच. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. हे पथक म्हणजे उघडउघड प्रचार होता. आधी कामगार चळवळीचा, पुढे संयुक्त महाराष्ट्राचा. पण डफावर थाप मारून गर्दी धरून ठेवायची, तर कोणता शब्द कुठे लागतो हे कळावं लागतं. ही तालीम त्यांच्या कथा-कादंबऱ्यांतही दिसते. ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आता दुसरी बाजू. प्रचार आणि अपप्रचार यांच्यात फक्त एका उपसर्गाचं अंतर आहे, कसब मात्र एकच लागतं. आणि कधीकधी तर प्रचारक नसतानाही एखादा शब्द सुसाट पळतो. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तपासणीचे निष्कर्ष हाती येण्याआधीच ‘टक्कल व्हायरस’ हे नाव मोबाइलवरून सगळीकडे फिरलं. पुढे आयसीएमआरचं पथक आलं, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण व्हायरस म्हटलं की माणूस माणसाला शिवायला घाबरतो. त्या गावात तुमची मावशी राहत असती तर?

म्हणूनच शब्द कसा पळतो हे ज्याला लहानपणापासून कळतं, त्याची आज गरज आहे. जाहिरात संस्थेत कॉपी लिहिणारे, पक्षांची मोहीम आखणारे, जिल्हा माहिती कार्यालयातले अधिकारी, पत्रकार आणि फॅक्ट-चेक करणारे, सगळे याच वाटेवरचे. शिकायला फार लांबही जावं लागत नाही. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आपल्या अमरावतीतच आहे.

पण सुरुवात आजच करता येते. येत्या निवडणुकीत सगळ्या पक्षांची पत्रकं जमवा. तळाशी बारीक अक्षरात मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता शोधा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७-क नुसार ते छापावंच लागतं. नाव नसेल तर तिथेच तुमची पहिली बातमी आहे! मग तीन प्रश्न लिहून काढा: हे कोण सांगतंय? मला कशाची भीती किंवा कसली आशा दाखवतंय? आणि काय सांगायचं टाळतंय? फॅमिली ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डलाही हेच प्रश्न लावा. काकांना राग येईल, येऊ द्या. फक्त बोलताना ‘अहो काका’ म्हणायला विसरू नका.

वर्षभर ही वही भरा. भोंग्यात बोलायला आवडतं की भोंग्याला प्रश्न विचारायला, हे तीच तुम्हाला सांगेल. दोन्हीकडे काम आहे. मात्र गाडीत बसलात, तरी पत्रकाच्या तळाशी स्वतःचं नाव छापायची लाज वाटणार नाही, एवढंच लिहा.