यकृताला उपास नसतो

"रात्रभर उलट्या झाल्यात, पोटात पाणी ठरत नाही पोराच्या. आज इंजेक्शन राहू दे." टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या घरात हे वाक्य मायेपोटीच उच्चारलं जातं. पण त्यापायी मूल थेट आयसीयूत पोचू शकतं.

इन्सुलिन फक्त जेवणासाठी असतं, हा समज त्याच्या मुळाशी आहे. आपण घासभरही खाल्लं नाही तरी यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं, कारण मेंदूला ती सतत लागते. निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन थोडं थोडं पाझरवत राहतं आणि यकृताला आवरून धरतं. टाइप वनमध्ये हा पाझर आटतो. त्याची जागा लाँग ॲक्टिंग इन्सुलिन घेतं. ते थांबलं की साखर चढते, शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून बनणारे कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होतं. पोट दुखतं, धाप लागते, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. उलट्यासुद्धा पुष्कळदा इन्सुलिन कमी पडल्यामुळेच होतात! म्हणून आजारपणात साखर आणि कीटोन वरचेवर तपासायचे, डॉक्टरांना फोन करायचा. ते डोस कमी-जास्त करतील, पण लाँग ॲक्टिंगचं इंजेक्शन आपल्या मनाने बंद करायचं नाही. एकादशीलाही हेच. शिवाय साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक सगळा स्टार्च, तिच्यासाठी जेवणाचं इन्सुलिन वेगळं लागतंच.

काही घरांत नेमकं उलटं चालतं. "चोवीस तासांचं घेतलंय ना, मग जेवणाआधी परत कशाला टोचायचं?" ग्लार्जिन या लाँग ॲक्टिंग इन्सुलिनचं उदाहरण घ्या. पेनमध्ये ते पाण्यासारखं नितळ आणि आम्लधर्मी असतं. कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण बनतात आणि ते साधारण दिवसभर हळूहळू विरघळतात. डेग्लुडेक तर 42 तासांपर्यंत पुरतं. इतक्या संथ औषधाला ताटभर भाताची साखर गाठता येत नाही, त्यासाठी जलद इन्सुलिनच हवं. आणि रात्री लग्नात जेवण जास्त झालं म्हणून लाँग ॲक्टिंग चार युनिट वाढवलं, तर पहाटे साखर धोकादायक खाली येऊ शकते. हा डोस बरोबर आहे का, ते झोपतानाच्या आणि उठल्यावरच्या साखरेवरून कळतं. रात्री 140 आणि सकाळी 130 असेल तर तो जमलाय.

निदानानंतर काही महिने पुष्कळ मुलांना इन्सुलिन फार थोडं लागतं, कधी जवळजवळ लागतच नाही. नेमका तेव्हा कुणीतरी काढा सुचवलेला असतो आणि श्रेय काढ्याला जातं. उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ सावरतात, डॉक्टर याला हनिमूनचा काळ म्हणतात. तो सरतो. तेव्हा इंजेक्शन बंद असलेल्या मुलाचे फार हाल होतात.

एक गोष्ट आज घरीच बघून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या 40 आणि 100 अशा दोन ताकदीच्या बाटल्या मिळतात. ग्लार्जिनची बाटली 100 ची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 100 युनिट. लाल टोपणाची सिरिंज 40 ची, केशरी टोपणाची 100 ची. लाल सिरिंजमध्ये ग्लार्जिन 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. दुकानदाराने जी दिली ती घेऊन येऊ नका, टोपणाचा रंग आणि बाटलीवरचा आकडा काउंटरवरच जुळवून पाहा.