सांदवाडीचा हिरवा पहारा

तारेचं कुंपण गंजतं, सिमेंटचा खांब तडकतो. करवंदीचं कुंपण मात्र दर पावसाळ्यात आणखी दाट होतं, वर फळंही देतं. भंडारा जिल्ह्यात त्यासाठी मोठा खर्चही नको. लागणारी बरीचशी झाडं गावाच्या धुऱ्यावरच उभी असतात. सांदवाडीच्या, म्हणजे परसबागेच्या, कडेला लावावीत अशा या आपल्या झाडांच्या काही भन्नाट गोष्टी.

मिठाच्या करासाठी काटे
मिठावरचा कर चुकवणाऱ्यांना अडवायला इंग्रजांनी देशाच्या मधोमध झाडांची काटेरी भिंत वाढवली होती. ती पंजाबातून थेट तापीकाठच्या बुऱ्हाणपूरपर्यंत आली. काही ठिकाणी उंची १२ फूट! झाडं कोणती? बाभूळ, बोर, करवंद, थोर. १८६७ ते १८७० या काळात या कामाचे प्रमुख होते ए. ओ. ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. १८७९ साली ही भिंत मोडीत निघाली. सरकारी तिजोरी राखणारी ही झाडं तुमची वांगी-मिरची सहज राखतील.

शेळी तोंड लावत नाही
अडुळसा आणि निर्गुडीच्या पाल्याला शेळ्या-गाई सहसा शिवत नाहीत, म्हणून काटे नसूनही ही झुडपं कुंपणाला चालतात. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या वासिसिनवरूनच घडवलेलं आहे. निर्गुडीचा वाळलेला पाला धान्यात ठेवला की सोंडे दूर राहतात. तांदळाच्या जिल्ह्यात आणखी काय हवं!

द्वादशीची भाजी
आकड्यासारख्या काट्यांची वाघाटी कुंपणावर चढवा. आषाढी द्वादशीला हिच्या फळांची भाजी करण्याची रीत आहे. फुलं उमलताना पांढरी, मग गुलाबी होत जातात. पायोनियर आणि ग्रेट ऑरेंज टिप या फुलपाखरांच्या अळ्या हिची पानं खाऊन वाढतात.

समुद्र ओलांडणारं बी
सागरगोटे आपण अंगणात खेळलो. याच जातीच्या कठीण, तरंगणाऱ्या बिया महासागर पार करून स्कॉटलंडच्या किनाऱ्याला लागतात. तिथले लोक त्या ताईत म्हणून जपत. पेरताना बी कानशीने थोडं घासून रात्रभर भिजवा, तरच लवकर उगवेल.

९६ गुंजांचा तोळा
आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा: सोनाराचा हा हिशेब कुंपणावरच्या वेलातून आला. पण गुंजेचं बी जहाल विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर हा वेल लावूच नका.

कोपऱ्यात रेशीम
तुतीच्या रेशमाचे किडे घरात पाळतात; कोशाचे किडे मात्र उघड्यावर, जित्या झाडावर वाढतात. त्यांचं खाद्य म्हणजे येन आणि अर्जुनाचा पाला. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. कुंपणाच्या कोपऱ्यात अर्जुनाचं एक झाड असू द्या.

गोडनिंबावरचे पाहुणे
राज्याचं फुलपाखरू घोषित करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. २०१५ साली हा मान ब्लू मॉर्मनला मिळाला. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. त्याचा भाऊबंद कॉमन मॉर्मन गोडनिंबावरही अंडी घालतो. कोवळी अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी फसतात. तेव्हा चार पानं कुरतडलेली दिसली तरी फवारणी नको.

या दोघांना आवरा
बेशरम आणि रायमुनिया ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. कुंपणाला म्हणून लावलेली बेशरम पसरत जाते. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांतून ती उपटून काढायला ढिवर समाजाने मोठे कष्ट घेतले आहेत.

लावायचं कसं?
मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की दोन ओळी आखा. दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. दुसऱ्या ओळीतली रोपं पहिलीच्या मोकळ्या जागांसमोर येऊ द्या. निर्गुडी आणि अडुळसा फांदीपासून लागतात. पहिली दोन वर्षं शेंडे खुडत राहा, म्हणजे फुटवे बुडापासून येतात. पुढे छाटणी करताना एका वर्षी अर्धंच कुंपण छाटा. उरलेल्या अर्ध्यात पाखरांना आसरा राहतो. करवंदाचं बी वाळलं की उगवत नाही. म्हणून यंदा करवंदं खाऊन झाली की बिया धुऊन त्याच दिवशी मातीत टाका.