मुंबई-लंडन : अंतर एक, वेळा दोन
मुंबई ते लंडनचा हीथ्रो विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, परतताना साधारण तासभर कमी. कारण आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे येताना विमानाच्या पाठीशी असतात.

घड्याळ मात्र निराळेच सांगते. हिवाळ्यात दुपारी २ वाजता निघालेले विमान तेथील संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास उतरते. वाटावे, प्रवास चार तासांचाच! मुलांकडे निघालेल्या वृद्ध आईवडिलांच्या औषधांच्या वेळा नेमक्या येथेच चुकतात. उतरताना भारतात रात्रीचे पावणेबारा झालेले असतात, रात्रीची गोळी राहून गेलेली असते. त्यांच्या मनगटावर भारतीय वेळच राहू द्यावी. औषधांचे नवे वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावे आणि गोळ्यांची पिशवी हातातील सामानातच ठेवावी.