द्राक्षाच्या गावी एक दुपार

दारूबंदीच्या सभांतून ज्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याने वाईनच्या कारखान्यांवर बोलावे, ही व्याख्यानमालेच्या चालकांची सूचना आम्हांस प्रथम थट्टेचीच वाटली. पण ती थट्टा नव्हती. गेल्या फेब्रुवारीत आम्ही नासिकला जाऊन दोन वाइनऱ्या पाहून आलो, ही बातमी धाराशिवात आमच्या आधी पोहोचली होती, आणि बाजार समितीतल्या हमाल बायांनी "भाई, तुम्हीसुद्धा?" असे आम्हांला तोंडावर विचारले होते. तेव्हा जे पाहिले ते चारचौघांपुढे मांडून मोकळे व्हावे, हे बरे.

जाण्याचे निमित्त सातपूरच्या कामगारांच्या सभेचे होते. बरोबर तुळजापूर तालुक्यातले आमचे एक बागायतदार स्नेही होते. त्यांना आम्ही पाटील म्हणतो. मजुरीच्या दरावरून त्यांचे आमचे भांडण जुने आहे, आणि मैत्रीही त्या भांडणातूनच झालेली. ते आले होते पुतण्यासाठी. पुतण्या शेतकी शिकलेला. घरची दोन एकर थॉमसनची बाग जुनी झाली. ती काढून तेथे वाईनची द्राक्षे लावावी, कंपनीशी करार करावा, आणि पुढेमागे सोलापूरच्या रस्त्यावर स्वतःची लहानशी वाइनरी व तिला जोडून खानावळ काढावी, असा त्याचा बेत. चुलत्याचे म्हणणे, "देवीच्या वाटेवर हे नको." वाद मिटेना, म्हणून दोघांनी आधी डोळ्यांनी पाहावे असे ठरले, आणि पंच म्हणून आम्हांला ओढले. दारू न पिणारा पंच निवडण्यात पाटलांचा हिशेब होता, हे उघडच आहे.

नासिक शहरातून गंगापूर धरणाकडे निघाले की घरे विरळ होतात आणि रस्त्याच्या दोहो बाजूंस मांडव लागतात. दुपारच्या जेवणाला आम्ही आधी मिसळ खाल्ली. या भागात चुलीवरची मिसळ ही आता मोठी गिऱ्हाइकीची वस्तू झाली आहे. बारदान फाट्याजवळची साधना, मखमलाबाद रस्त्यावर द्राक्षबागेतच थाटलेली ग्रेप एम्बसी, अशी ठिकाणे मुंबईकरांना तोंडपाठ असतात. काळ्या मसाल्याचा रस्सा, मोड आलेली मटकी, वर पापड, शेजारी दही. वाइनरीच्या आतल्या उपाहारगृहात मात्र पिझ्झा, चीज आणि काट्याचमच्याचे जेवण. दोन्हींच्यामध्ये अंतर दहा-पंधरा मिनिटांचे. पण बाहेर बाकावर बसलेला ड्रायव्हर आणि आत टेबलाशी बसलेला त्याचा मालक यांच्यामध्ये जेवढे असते तेवढे.

या उद्योगाची कहाणी थोडक्यात सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात आधुनिक वाईनचा पहिला मोठा प्रयत्न नारायणगावला झाला. श्यामराव चौगुले यांच्या कंपनीने तेथे फसफसणारी वाईन केली आणि परदेशी धाडली. नासिकची गोष्ट त्यानंतरची. अमेरिकेत नोकरी करून परतलेले राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर १९९७ च्या सुमारास वाईनच्या वेली लावल्या, आईच्या सुलभा या नावावरून कंपनीस सुला हे नाव दिले, आणि २००० साली तिची वाईन बाजारात आली. २००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, करात सवलती दिल्या, नासिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाईन पार्क काढले. २००५ साली सुलाने चाखण्याची खोली उघडली, आणि तेव्हापासून हा माल नुसता विकायचा राहिला नाही, पाहायला येण्याचा झाला. पाठोपाठ यॉर्क, सोमा वगैरे त्याच धरणाच्या काठाला आल्या. आपल्याला जवळचे उदाहरण हवे असेल तर अकलूजचे आहे: फ्राटेली. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ भाऊ; दोन भारतीय आणि एक इटालियन अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती काढली. गंमत अशी की, हे सर्व ज्या १९४९ च्या कायद्याखाली चालते, त्याचे नाव अजून दारूबंदी कायदा असेच आहे.

ज्या दोन वाइनऱ्या आम्ही पाहिल्या त्यांची नावे मुद्दाम सांगत नाही. जे बोलायचे आहे ते एकट्यादुकट्याला लावायचे नाही. पद्धत सर्वत्र एकच. पैसे भरून चिठ्ठी घ्यावी, दहा-पंधरा जणांचा घोळका झाला की एक तरुण मुलगा किंवा मुलगी पुढे होते, आणि सारे आत जातात. फेब्रुवारी हा तोडणीचा हंगाम, त्यामुळे आम्हांस चालता कारखाना दिसला. क्रेटांतून द्राक्ष येते, देठ वेगळे होतात, मणी फुटतात. पांढरी वाईन करायची तर रस लगेच दाबून काढतात आणि साल टाकून देतात. तांबडी करायची तर साल आणि बी रसातच राहू देतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतला असतो. आतला गर बहुतेक द्राक्षांचा पांढराच. मग पोलादी टाकीत यीस्ट घालतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कर्बवायू करते. पांढऱ्याला थंडावा लागतो, तांबडीला थोडी ऊब. साखर संपली की काम संपले. तांबडीपैकी काही पुढे ओकच्या पिंपात, सव्वादोनशे लिटरच्या, महिनोन् महिने पडून राहते.

घरच्या उदाहरणाने सांगायचे तर वैद्याचे द्राक्षासव याच तत्त्वावर होते. त्यात धायटीची फुले घालतात. आंबवणारे जंतू त्यांच्याबरोबरच येतात. आपल्या आज्या हे जाणत होत्या. नुसते त्यास विज्ञान म्हणत नव्हत्या.

टाक्यांजवळ आम्ही जरा जास्त रेंगाळलो. कर्बवायू हवेपेक्षा जड असतो. तो तळाशी साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. रिकामी टाकी धुवायला माणूस आत उतरला आणि तो वायू बसलेला असला, तर माणूस वर येत नाही. मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. धान्याचे पेव उघडले की आधी कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचे नाही, हा आपल्याकडचा रिवाज. टाकीत उतरण्यापूर्वी काय करता, असे आम्ही विचारले. उत्तर चांगले मिळाले: वायू मोजण्याचे यंत्र आहे, आत एक तर बाहेर एक असा नियम आहे. मग आम्ही विचारले, धुणारे कायम नोकरीत की ठेकेदाराचे? यावर मुलगी हसली आणि म्हणाली, "सर, टेस्टिंगला उशीर होतोय."

चाखण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. पेल्यात दोन बोटे वाईन, पाच-सहा प्रकारची. आधी उजेडात धरून रंग पाहावा, पेला फिरवावा, नाक घालून वास घ्यावा, मग घोट तोंडात खेळवावा. नको असेल तर थुंकायला भांडे ठेवलेले असते. घोळक्यातल्या काहींना हे नाटक वाटले. आम्हांला नाही वाटले. भूम-परंड्याकडच्या खव्याच्या बाजारात व्यापारी खवा बोटांवर चोळतो, वास घेतो, जिभेला लावून थुंकतो, आणि कोणत्या गावचे दूध, भट्टी किती तापली, हे सांगतो. कसब तेच.

आम्ही चाखली नाही. हमाल बायांना दिलेला शब्द होता. शेजारच्या पेल्याचा वास घेतला, तो चांगला होता. पुतण्याला विचारले, कशी आहे? तो म्हणाला, "काका, द्राक्षाची गोडी कुठं गेली कळंना. तुरट लागती." गोडी कुठे गेली हेच तर आत्ता टाक्यांपाशी पाहिले: तिचेच अल्कोहोल झाले. पाटलांनी एक पेला चाखून खाली ठेवला आणि पापडाची चौकशी केली.

तळघरात बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या. बूच भिजलेले राहावे, वाळून हवा आत जाऊ नये, म्हणून. ते ऐकून आम्हांला हसू आले. आपल्याकडे गावचे दुकान बंद करायला बायकांचे मतदान होते, त्यात उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे आणि आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीच्या प्रचारात आम्ही घसा बसेपर्यंत बोललो आहोत. इथे हजारो आडव्या बाटल्या, आणि दुकान जोरात.

एक हिशेब मात्र सांगून टाकतो, कारण वाईन म्हणजे दारू नव्हे असे आता मोठमोठे लोक सांगतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचे ठरवले तेव्हा हेच म्हटले गेले. विरोध झाला आणि निर्णय अडला. वाईनमध्ये अल्कोहोल शेकडा तेरा धरले तर साडेसातशे मिलीच्या बाटलीत ते सत्त्याण्णव मिली भरते. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलीची, तिच्यात सत्त्याहत्तर. म्हणजे एक बाटली ही सव्वा क्वार्टर. हळू पिणाऱ्याची हळू चढते, एवढाच फरक. पगाराच्या संध्याकाळी हळू पिणारा आमच्या पाहण्यात थोडा आहे.

पण खरी गोष्ट पेल्यात नव्हती, बागेत होती. बाहेर वेलींच्या ओळींतून हिंडताना पुतण्याने वही काढली. खाण्याच्या द्राक्षापेक्षा वाईनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे, बियांचे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो; आपल्याकडे झोपत नाही, म्हणून त्याला दोनदा छाटावे लागते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. हे दोन्हींना सारखे. पण खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, एकसारखा, देखणा हवा. त्यासाठी घड औषधात बुडवायचे, कात्रीने मणी विरळायचे, एकेका घडाला बाईचा हात चार-चारदा लावायचा. वाईनच्या घडाला देखणेपणा लागत नाही. तो चेंगरायचाच असतो. विरळणी नाही, बुडवणे नाही.

"बघा पाटील," आम्ही म्हणालो, "तुमचा खर्च वाचतो, आणि आमच्या बायांचे रोज जातात." पाटील काही बोलले नाहीत. पुतण्या म्हणाला, "काका, मजूर मिळत नाही म्हणून तर हे करायचं." त्याचेही खोटे नव्हते. विरळणीच्या दिवसांत बाया मिळेनाशा होतात, आणि त्याच दिवसांत भूम, वाशी, कळंबचे कोयते उचल घेऊन उसाच्या फडात गेलेले असतात, हे आम्हीच त्याला एकदा सांगितले होते.

दुसरी गोष्ट अधिक वजनाची. थॉमसनचा घड सोलापूरला नाही खपला तर हैदराबादला जाईल; तोही नाही तर बेदाणा होईल. वाईनचे द्राक्ष दुसरे कोणी घेत नाही. कंपनीने नाही म्हटले की ते वेलीवरच वाळते. असे झालेले आहे. २००८ च्या मंदीनंतर वाईनचा खप बसला, माल तुंबला, नारायणगावची ती मोठी कंपनी कोसळली, नासिक भागात वाइनऱ्या बंद पडल्या आणि शेतकऱ्यांनी उभ्या वेली कुऱ्हाडीने काढल्या. उसाचेही एकाच दाराशी बांधलेपण आपण जाणतो. पण उसाला १९६६ चा नियंत्रण आदेश आहे, ठरलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे नाही दिले तर व्याज आहे. मिळत नाही तेव्हा निदान मोर्चा कशासाठी काढायचा हे तरी ठाऊक असते. वाईनच्या द्राक्षाला यातले काही नाही. जे करारात लिहिले तेवढेच. आणि करार लिहिणारा पगारी वकील असतो.

म्हणून बागेतल्या बाकावर बसून आम्ही तिघांनी एक कागद केला. करार किती वर्षांचा, आणि वेल फळाला यायला दोन-तीन वर्षे जातात ती त्यात धरलेली आहेत की नाहीत. दर साखरेच्या अंशावर ठरत असेल तर ती मोजणार कोण, कुठे, आणि शेतकऱ्यासमोर की पाठीमागे. कंपनीने माल नाकारला तर नुकसान कोणाचे. पैसे किती दिवसांत. शेवटचे कलम आमचे: तोडणीच्या मजुराचा दर कोण देणार आणि तो करारात लिहिणार का. पाटील म्हणाले, "भाई, हे कलम कंपनी काढून टाकील." आम्ही म्हणालो, तुम्ही नका काढू म्हणजे झाले.

खानावळीच्या बेताबद्दल आमचे मत पाटलांहून निराळे पडले, आणि याचे त्यांना आश्चर्य वाटले. नासिकला मुंबईचा माणूस गाडीने चार तासांत येतो. त्याच्या खिशावर तो पिझ्झा चालतो. आपल्या रस्त्यावर येतो तो भाविक, एस्टीने, शिदोरी बांधून. त्याला वाईन नको असते. सावली, पाणी आणि स्वस्त जेवण हवे असते. बागेत बाकडी टाकून ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, द्राक्षाचा ताजा रस आणि घरचा बेदाणा ठेवला तर ते उद्या चालेल. पुतण्याचे तोंड उतरले. पण खव्याचे पेढेही ठेवता येतील का, असे त्याने विचारले, तेव्हा आम्हांस बरे वाटले.

सूर्य धरणाकडे कलला तशी आत गर्दी वाढली. शहरातली मुले-मुली पायऱ्यांवर बसून मावळतीचे फोटो काढू लागली. आम्ही परत निघालो. फाट्यावर चहाला थांबलो, तोवर पलीकडून पिकअप गाड्या येऊ लागल्या, माणसांनी उभ्या भरलेल्या. पेठ, हरसूल, त्र्यंबककडचे मजूर सकाळी गिरणाऱ्याच्या नाक्यावर जमतात, तेथेच रोज ठरतो, आणि संध्याकाळी असेच परततात. एक गाडी पाण्यासाठी थांबली. पुतण्याने एका म्हाताऱ्याला विचारले, "बाबा, वाईनच्या बागेत जाता का कामाला?"

"जातो ना."

"कसं आहे तिथलं काम?"

"चांगलं आहे. लवकर संपतं."

पुतण्याने वही काढली, आणि पाटलांनी तीन चहांचे पैसे दिले.