आराखडा सुपूर्द केल्यानंतर

नकाशावर वडासाठी काढलेलं वर्तुळ जमिनीवर भरून यायला वीस-तीस वर्षं लागतात. लँडस्केप आर्किटेक्ट मात्र रोपं लागली, शेवटचं बिल निघालं, की त्या जागेकडे सहसा फिरकत नाही. या व्यवसायातलं शिकणं नेमकं तिथेच खुंटतं, असं मला ठामपणे वाटतं. अहमदाबादचं सेप्ट असो की पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय, पदव्युत्तर वर्गात पाया पक्का होतो. पण आपण लावलेल्यातलं काय जगलं आणि काय मेलं, हे कुठल्याच वर्गात कळत नाही.

लावलेलं पुढे कसं बदलतं, याचं एक जुनं उदाहरण: अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट ओल्मस्टेडने बोस्टनचं बॅक बे फेन्स हे उद्यान भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यावर बेतलं होतं. १९१० साली चार्ल्स नदीवर धरण झालं, पाणी गोडं झालं आणि खाऱ्या दलदलीतल्या त्या वनस्पतींचा आधारच गेला. ओल्मस्टेड तेव्हा हयात नव्हता; शिकायचं होतं ते मागून आलेल्यांनी.

आपल्या देशातलं सर्वांत बोलकं उदाहरण जोधपूरचं. मेहरानगडाच्या पायथ्याची सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमीन विलायती बाभळीने गिळली होती. २००६ मध्ये ती प्रदीप क्रिशन यांच्या हाती आली. हे मूळचे चित्रपट दिग्दर्शक. झाडं त्यांनी पायी हिंडून, पाहून शिकलेली. बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटते, म्हणजे मूळच काढायला हवं. आणि मूळ तर खडकात. वाट दाखवली ती खांडवालिया या पिढीजात दगडफोड्यांनी. हातोडीचा ठोका मारायचा, आवाज ऐकायचा आणि खडक कुठे भेगाळलाय ते सांगायचं! छिन्नीने मूळ निघालं, त्याच खड्ड्यांत थोरासारखी मारवाडी खडकाची झाडं लागली. २०११ मध्ये हीच जागा राव जोधा उद्यान म्हणून लोकांसाठी खुली झाली.

आपल्याकडच्या माळ्यांनाही असंच पुष्कळ ठाऊक असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत फार दिवस राहिलेलं रोप उपसून पाहा: मुळं तळाशी वेटोळं घालून बसलेली असतात. तसंच लावलं तर वरून फोफावतं आणि पुढे एखाद्या पावसाळी वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. माळी पिशवी फाडतानाच हे ओळखतो. ड्रॉइंगवर मात्र फक्त रोपाची उंची लिहिलेली असते.

जागेकडून असं न शिकताच, टेकड्या झटपट हिरव्या दिसाव्यात म्हणून आपण मध्य अमेरिकेतलं गिरिपुष्प लावत सुटलो. सासवड-बारामतीकडची माळरानं तर कागदोपत्री ‘पडीक’ ठरली. तिथल्या गवतात चंडोल घरटी करतात, लांडगे पिल्लं वाढवतात. अशा माळावर खड्डे खणून वृक्षारोपण करणं ही सेवा नव्हे, नासधूस आहे. उलट मिठी नदीकाठी, धारावीच्या कचराभूमीवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहावं. मेलेल्या जमिनीत दाट झाडी कशी धरते, हे तिथे आजही पाहायला मिळतं.

म्हणून करारातच पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या पावसाळ्यानंतरच्या भेटीचं मानधन धरलं जावं. त्या भेटीत माळी सोबत असावा, आणि मेलेल्या झाडांची यादी कारणांसह नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली जावी.